मम्मीकडे जायचं का जर्मनीला: रावेरकडच्या एका पोरीचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या एका घरची ही गोष्ट आहे. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं टाकली नाहीत आणि ओळख पटेल अशा एकदोन बाबी बदलल्यात. मी त्या पोरीची चौथी-पाचवीची वर्गशिक्षिका, त्यामुळे अर्ध्या गोष्टी डोळ्यासमोर घडल्या आणि अर्ध्या नंतर फोनवर कळल्या, कधी तिच्या मम्मीकडून कधी आजीकडून, आणि दोघींचं सांगणं दर वेळी जुळतंच असं नाही. पोरीला इथं चिमी म्हणते.

लिहायचं कारण एवढंच की आमच्या भागातून स्पर्धा परीक्षा देऊन केंद्राच्या नोकरीत जाणाऱ्या पोरी आता दिसायला लागल्यात, लग्नानंतर पास होणाऱ्यासुद्धा, आणि त्यांच्या लेकरांचं काय करायचं हे प्रत्येक घर पहिल्यापासून नव्याने शोधत बसतं.

पार्श्वभूमी

चिमीची मम्मी लग्नानंतर अभ्यास करून एसएससीची सीजीएल, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांसाठीची केंद्राच्या नोकऱ्यांची परीक्षा, पास झाली आणि २०१८ ला परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर म्हणून दिल्लीत रुजू झाली. गावात लोकांना वाटतं परराष्ट्र खातं म्हणजे साहेब, गाडी, गाडीवर झेंडा. तसं काही नसतं. एएसओ म्हणजे फायली, पत्रव्यवहार, बिलं, हिशोब. पण या केडरच्या लोकांनाही जगभरातल्या भारतीय वकिलातींत पाठवतात, साधारण तीन वर्षांसाठी, आणि मग परत दिल्ली. राहायला घर मिळतं, नियमात बसेल तशी मुलांच्या शाळेची फी मिळते, विमानाची तिकिटं मिळतात. पासपोर्ट पांढऱ्या कव्हरचा, म्हणजे सरकारी कामावर जाणाऱ्यांचा, सोबत जाणाऱ्या मुलांनाही तसलाच.

२०१८ ला चिमी सहा वर्षांची होती. दिल्लीत नवीन नोकरी, भाड्याची एक खोली, दिवसभर पोरीला बघणार कोण, म्हणून तिला गावीच ठेवलं. पप्पांची ७ एकर केळी. घरात आजी, म्हणजे पप्पांची आई. चिमी आजीला ‘माय’ म्हणते आणि आईला ‘मम्मी’. हे मी वर्गात कितीदा ऐकलं असेल पण त्याकडे कधी लक्ष दिलं नाही, आमच्याकडे निम्मी पोरं आजीला माय म्हणतात.

मम्मी दिवाळीला यायची आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास यायची, भुसावळला उतरून पुढे गावी. बाकी वर्षभर रात्रीचा व्हिडिओ कॉल. जेवली का, अभ्यास झाला का, माय ओरडली का. दहा मिनिटं. चार वर्षं असंच चाललं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पोरगी हुशार, वर्गात बडबडी, रोज दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी.

जुलै २०२२ ला मम्मीची बर्लिनला बदली झाली. ऑक्टोबरमध्ये रुजू व्हायचं होतं.

काय पर्याय होते

घरात महिनाभर यावरच बोलणं चाललं. दोनदा मलाही बोलावलं, बाई तुम्ही सांगा म्हणून, आणि मी जे सांगितलं ते इथेच सांगत नाही, ते पुढे येईल.

एक म्हणजे चिमीने गावीच राहायचं आणि मम्मीने एकटीने जायचं. भारतात शिकणाऱ्या मुलाला परदेशातल्या आईबापाकडे जायला तिकीट मिळायची सोय असते, त्यामुळे सुट्टीत जाऊन येता आलं असतं. आजीचं मत हेच होतं, पण ती उघड म्हणाली नाही. काकाने नवोदयचं, म्हणजे सरकारी निवासी शाळेचं काढलं, पाचवीतच परीक्षा असते, साकेगावला नंबर लागला तर बारावीपर्यंत बघायला नको. म्हणणं खोटं नव्हतं. फक्त त्यात पोरगी मायपासूनही तुटली असती.

पप्पांनी पण सोबत जायचं हा पर्याय पाच मिनिटांत संपला. केळीला रोज माणूस लागतं. एका बागेत निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं चालू, दुसरीकडे ऑक्टोबरला कांदेबागेची, म्हणजे त्या हंगामातल्या केळीची लागवड, आणि वरून सालदारावर, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यावर, तीन वर्षं बाग सोडून कोण जातं.

तिसरा, मम्मीने आधी एकटीने जायचं, घर लावायचं, शाळा बघायची आणि मग मे महिन्यात पोरीला न्यायचं. चौथा, दोघींनी सोबतच ऑक्टोबरला जायचं.

पाचवा एक पर्याय होता जो कोणी मांडलाच नाही. ऑर्डर आली त्याच आठवड्यात चिमीला दिल्लीला न्यायचं, आजीला सोबत न्यायचं, आणि निघेपर्यंतचे तीन महिने तिघींनी एका घरात राहायचं. शाळा बुडाली असती. बुडू द्यायची होती.

ठरलं ते चौथं. मम्मीचं म्हणणं होतं की चार वर्षं पोरगी लांब ठेवली, आता सरकारच सोबत न्यायची सोय देतंय तर अजून सात महिने कशाला लांबवायचे. पप्पांना इंग्रजी शाळा दिसत होती. आणि मी, मी म्हणाले की या वयात पोरं भाषा पटकन उचलतात, काळजी करू नका, वर्षभरात इंग्रजी फाडफाड बोलेल. सगळे भाषेचंच बोलत होते. भाषा, थंडी, खाणं, शाळा. चिमी जर्मनीला जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, ती मायकडून मम्मीकडे जातेय हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं, आणि खरा लांबचा प्रवास तोच होता.

पोरीला कळलं कसं

सांगू, सांगू म्हणत राहिले. गणपती झाले की सांगू, मग सहामाही झाली की सांगू. शेवटी पासपोर्टचे फोटो काढायला नेलं तेव्हा फोटोवाल्यानेच विचारलं, “काय वं, तू जर्मनीले चालली का?” ती पप्पांकडे बघत राहिली. घरी येऊन आजीला एकच वाक्य म्हणाली, “तुले माहीत होतं, मले काबर नी सांगतलं?”

आजी मला हे सांगताना तीन वर्षांनीसुद्धा पदर तोंडाला लावते. मुद्दा असा की राग पप्पांवर नव्हता, मम्मीवर नव्हता, आजीवर होता. कारण तिच्या हिशोबाने तिची आई तीच होती आणि तिनेच लपवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत आली ती नेहमीसारखीच आली, म्हणून मी पण खोलात गेले नाही.

पहिले तीन महिने

ऑक्टोबरच्या मध्यावर दोघी गेल्या. दिवाळी आठ-दहा दिवसांवर होती. थोडी खटपट केली असती तर रुजू व्हायची तारीख दिवाळीनंतरची मिळाली असती असं मम्मी आता म्हणते, तेव्हा तिने विचारलंच नाही, पहिल्याच पोस्टिंगला कुरकुर कशाला म्हणून. लक्ष्मीपूजन रिकाम्या फ्लॅटमध्ये झालं, सामान अजून पोचलं नव्हतं.

शाळा इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा, वर ऑगस्टला सुरू झालेली, म्हणजे ही वर्षाच्या मध्येच. शिक्षकांनी चांगलं सांभाळलं म्हणे, इंग्रजीचा वेगळा तास दिला. पोरगी बोलेना. शाळेने सांगितलं की घाबरू नका, नव्या भाषेत आलेलं मूल सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिने गप्पच असतं, त्याला सायलेंट पिरियड म्हणतात, आतल्या आत ऐकत असतं. हे खरंच आहे, आमच्याकडे पावरा-भिल्ल वस्तीवरची पोरं मराठी शाळेत आली की मी हेच बघते. मम्मी निर्धास्त झाली.

एक गोष्ट मात्र या स्पष्टीकरणात बसत नव्हती. चिमी घरीही बोलत नव्हती. घरी तर मराठीच होतं.

आजीशी मात्र बोलायची. सुरुवातीला भारतातले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडचे संध्याकाळचे पाच, तेव्हा कॉल व्हायचा आणि पोरगी सुटायची नुसती, बसमध्ये काय झालं, डब्यात काय होतं, रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात म्हणजे वीस-बावीस रुपये झाले माय, आपल्या पूर्ण गल्लीतल्या बाटल्या आणल्या तर किती होतील. मम्मी किचनमधून ऐकायची. कॉल संपला की परत शांत.

मग ३० ऑक्टोबरला तिकडची घड्याळं एक तास मागे गेली. साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला. मम्मीचं ऑफिस सुटून दोघी घरी येईपर्यंत गावात साडेनऊ वाजायचे आणि आजी नऊला झोपणारी. कॉल चुकायला लागले.

इथे पहिला मोठा निर्णय चुकला. वकिलातीतल्याच एका बाईने मम्मीला सांगितलं की सारखं गावाशी बोलत राहिली तर इथं रुळणार कशी, आठवड्यातून एकदाच लावून द्या. सल्ला चांगल्या मनाने दिलेला. आणि मम्मीने तो का घेतला हे तिने मला नंतर स्वतःच सांगितलं, त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. म्हणाली, “बाई, मला जळायला व्हायचं. मी समोर बसलेली आणि ती फोनमधल्या माणसाला सगळं सांगते.”

फक्त रविवारी कॉल. दोन आठवड्यांत पोरगी झोपेत अंथरूण ओलं करायला लागली, दहा वर्षांची. डबा जसा नेला तसा परत. एका रविवारी मम्मीने खूश करायला भरीत करायचं ठरवलं, तुर्की दुकानातून जांभळी वांगी आणली, आपली पांढरी-हिरवी कुठून मिळणार, आणि इलेक्ट्रिक शेगडीवर थेट भाजायला घेतली. घरात स्मोक अलार्म. तो असा कोकलला की खालचा म्हातारा वर आला. भरीत झालं, चिमीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, माय पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजते. मम्मी त्या रात्री बाथरूममध्ये जाऊन रडली.

वळण

डिसेंबरात शाळेच्या समुपदेशकाने बोलावलं. तिने बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, ही घरी किती बोलते? मम्मीने खरं सांगितलं. पुढचा प्रश्न, भारतात तुम्ही दोघी सलग एका घरात शेवटच्या कधी राहिलात? मम्मी हिशोब करायला लागली आणि उत्तर आलं चार वर्षांपूर्वी.

मम्मी म्हणते तिथे पहिल्यांदा टाळक्यात उजेड पडला. कॉल त्याच आठवड्यात परत रोजचे झाले, पण वेळ बदलली. बर्लिनचे सकाळचे पावणेसात म्हणजे गावात सव्वाअकरा, आजीचा स्वयंपाक उरकलेला असतो. तिकडे डिसेंबरात आठ वाजून गेले तरी उजाडत नाही, त्यामुळे पोरगी अंधारात बसून फोनमध्ये अंगणातलं ऊन बघायची.

आणि दुसरा बदल, मम्मी त्या कॉलमध्ये बसायला लागली. कारण निघालं वेणीचं. सकाळची घाई, मम्मी वेण्या घालतेय आणि चिमी डोकं हलवतेय, “माय अशी नी घालत.” फोन समोर टेकवलेला होता. आजी तिकडून म्हणाली, “आधी मधला भांग पाड. मग कानामागून घे. वरतून नको घेऊ, तिले वढतं.” मम्मीने सोडून परत घातली. “आता रिबीन तिसऱ्या पेडापासून घाल, खालून बांधली तं सुटती.” तीन वेळा सोडली, तीन वेळा घातली. त्या दिवशी शाळेची बस चुकली. पण चिमी त्या वेण्या घालून गेली.

मी हे आजीकडून ऐकलं तेव्हा मला जाणवलं की ऑर्डर आल्यावर आम्ही तीन महिने कागदपत्रांच्या याद्या केल्या. दाखला, मार्कशीट, लसीकरण, फोटो. पोरीला झोपताना काय लागतं, तापात काय खाते, कुठल्या कुशीवर झोपते, राग आला की कुठं जाऊन बसते, ही यादी फक्त आजीच्या डोक्यात होती आणि ती मम्मीने कधी विचारली नाही, कारण विचारणं म्हणजे कबूल करणं की मला माहीत नाही. आता रोज सकाळी पंधरा मिनिटं ती यादी उतरायला लागली.

आजीचा प्रवास

आजीला न्यायचं ठरलं तर पासपोर्ट नाही. तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची असते तशी, आणि शाळेच्या जुन्या दाखल्यावर वेगळीच. ते जुळवण्यात दोन महिने गेले. व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायचे तर शेतात काम करून रेषा झिजलेल्या, मशीन घेईना, परत परत बोटं पुसून दाबून शेवटी झालं. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात थोडे दिवस राहायच्या व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि ३० हजार युरोचा मेडिकल विमा लागतो, हे सगळं पप्पांनी बाग सांभाळून केलं. मे २०२३ ला पप्पा आणि आजी गेले. पप्पा बारा दिवसांनी परतले, आजी ८० दिवस राहिली.

चिमीला वाटलं आता सगळं पहिल्यासारखं. पहिल्या सकाळी कंगवा घेऊन आजीपुढे बसली. आजी म्हणाली, “माह्या हात दुखू राह्यला, मम्मीले सांग.”

हात दुखत नव्हता. ८० दिवसांत आजीने एकदाही वेणी घातली नाही. भाकरी केली, पापड वाळवायला बाल्कनीत टाकले, रात्रीचे साडेनऊ झाले तरी ऊन कसं म्हणून “दिवस मावयत नी का इथं” विचारत राहिली, पण चिमी काही मागायला आली की मम्मीकडे बोट दाखवायची. मी विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला? म्हणाली, कोणी कशाला सांगायला पाहिजे, वासरू गायीच्या दुधापासून तोडताना आपणच करतो ना.

या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात बरोबर निर्णय हाच, असं माझं मत. आणि सगळ्यात महागही, ज्याने घेतला त्याला.

पुढे काय झालं

२०२३ च्या ऑगस्टपासून गाडी रुळावर आली. इंग्रजी आलं, जर्मन कामापुरतं आलं, बर्लिनमध्ये शाळकरी पोरांना बस-मेट्रो फुकट असते त्यामुळे सातवीत एकटी जायला यायला लागली. पप्पा रोज व्हॉट्सॲपवर केळीचा भाव टाकायचे, ती वहीत लिहायची, त्या निमित्ताने बापलेकीचं बोलणं टिकलं. मम्मी-चिमीची भांडणं सुरू झाली, कडाक्याची, दार आपटण्यापर्यंत. मम्मीने मला घाबरून फोन केला तेव्हा मी हसले. परक्या माणसाशी कोण एवढं भांडतं.

ऑक्टोबर २०२५ ला परत दिल्ली, आठवी. केंद्र सरकारच्या बदलीवाल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना केंद्रीय विद्यालयात अग्रक्रम असतो, तशी जागा मिळाली. पण हिंदी पाचवीच्या पातळीवर अडकलेलं आणि संस्कृत कधी बघितलेलंच नाही. मराठीची तर गंमत आहे, बोलते ती अस्सल लेवा बोली, मायने तीन वर्षं रोज सकाळी पाजलेली, पण देवनागरी वाचताना अक्षर अक्षर जुळवते. बाई म्हणून याचं मला वाईट वाटतं. आठवड्याला एक पान मराठी लिहून फोटो पाठवायला सांगितलं असतं तरी पुरलं असतं, आणि हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आज परत करायचं झालं तर

आजीचा पासपोर्ट पहिल्याच आठवड्यात टाकला असता, सगळ्यांच्या आधी. ती पहिले ९० दिवस सोबत असती तर नोव्हेंबर-डिसेंबर तसा गेला नसता. दिल्लीचे तीन महिने मी वर लिहिलेच. पोरीला बातमी घरात, बसवून, आजीने सांगितली असती, फोटोवाल्याने नाही. कॉल कमी करायचा सल्ला कोणी दिला तर आधी बघायचं की मूल घरात बोलतंय का.

चौथा पर्याय निवडला यात चूक होती का? माझं मत दोनदा बदललंय. तिसरा घेतला असता, म्हणजे सात महिन्यांनी नेलं असतं, तर ते सात महिने आजीच्याच कुशीत गेले असते आणि मम्मी अजून लांब गेली असती. काकाचं नवोदय घेतलं असतं तर आठवी-नववीचा हा गोंधळ झालाच नसता, पण आज दार आपटायला मम्मी समोर नसती.

सध्या घरात नवा विषय चालू आहे. चिमीला डॉक्टर व्हायचंय म्हणते, आणि मेडिकलच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, काही अपवाद सोडले तर. म्हणून पप्पांचं म्हणणं की नववीला भुसावळला टाकू, तिथेही केंद्रीय विद्यालय आहे, शनिवार-रविवार गावी येईल. मम्मीचं म्हणणं की आता कुठे जमलंय, परत तोडायचं नाही, परीक्षेचं पुढचं पुढे बघू. आजी काहीच म्हणत नाही, मी खोदून विचारलं तरी नाही.

यावेळी पोरीला विचारलंय. तिने मे महिन्यापर्यंत वेळ मागितलाय.